तांब्याचा तांब्या



आपल्या सारसोळे गावातल्या कोणत्याही भांड्यांच्या दुकानात जा आणि "एक तांब्या द्या" म्हणा. दुकानदार विचारील, "स्टीलचा देऊ की तांब्याचा?" आपण "स्टीलचा" म्हणतो, आणि दोघांपैकी कोणालाही हसू येत नाही. ज्या धातूवरून त्या भांड्याला नाव मिळाले तो धातू बहुतेक घरांतल्या तांब्यातून केव्हाच गेला. प्लॅस्टिकचासुद्धा तांब्या मिळतो. खरोखर तांब्याचा हवा असेल तर "तांब्याचा तांब्या" असे दोनदा बोलावे लागते. पाहुण्यांपुढे आपण स्टीलच्या ग्लासातून पाणी ठेवतो. ग्लास म्हणजे काच हे पाहुण्यालाही ठाऊक असते, पण तो तक्रार करीत नाही.

घरात आणि शाळेत अशी नावे पुष्कळ सापडतात. मुलांच्या दप्तरातल्या शिसपेन्सिलीत शिसे नाही. इंग्लंडमध्ये बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात एक काळे, मऊ खनिज सापडले, ते लोकांना शिशाचाच एक प्रकार वाटले. १७७९ साली शील या रसायनशास्त्रज्ञाने ते कार्बनचे रूप आहे हे दाखवले, १७९५ साली फ्रान्समध्ये कोंते याने त्याची पूड मातीत मिसळून पेन्सिली बनवण्याची युक्ती काढली, तरी आपण शिसे सोडायला तयार नाही. पेन्सिल तोंडात घातली म्हणून "अरे, शिसे पोटात जाईल!" असे किती पिढ्यांना ऐकावे लागले असेल! (तोंडात घालू नये हे खरेच, पण त्याला कारण वेगळे.) पत्रावळ म्हणजे पानांची. पळसाची पाने काड्यांनी टाचून ती करीत. पुढे ती चकचकीत कागदाची झाली, मग थर्माकोलची झाली आणि २०१८ साली राज्य सरकारने थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली. पळसाचे पान चार दिवसांत मातीला मिळत असे, म्हणून पानांच्या पत्रावळीवर बंदी घालण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

आता प्रश्न असा, की ही नावे खोटी आहेत का? "खोटी साक्ष देऊ नको" ही आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ती माणसांसाठी आहे, भांड्यांसाठी नाही, हे मान्य. पण नाव ठेवणारी, विकणारी आणि मागणारी माणसेच असतात. नाव हीही एक साक्षच आहे.

तांब्याच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. तांब्या म्हटले की पोटाशी फुगीर, गळ्याशी आवळलेले, एका हातात मावणारे आणि पाणी देणारे भांडे आपल्या डोळ्यांपुढे येते. ते काम स्टील करते. घेणाऱ्याला काय मिळते ते दिसते, देणारा लपवीत नाही. तसेच सुवर्णपदकाचे. ऑलिम्पिकमध्ये संपूर्ण सोन्याचे पदक शेवटचे दिले गेले ते १९१२ साली, स्टॉकहोमला. नीरज चोप्राला २०२१ साली तोक्योमध्ये मिळालेले पदक ५५६ ग्रॅम वजनाचे होते, त्यात सोने सुमारे सहा ग्रॅम, बाकी सारी चांदी. म्हणून त्याला रौप्यपदक मिळाले असे कोणी म्हणेल का? तिथे सोने म्हणजे पहिला क्रमांक, आणि पहिला क्रमांक त्याचा होताच.

आपल्या गावाचेही थोडे तसेच आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहराच्या आखणीत ९५ गावे आली, आणि सारसोळे नेरूळच्या सेक्टरांत बसले. शेताचा बांध आता कुठे दाखवता येत नाही. तरी इमारतीत राहणारा माणूससुद्धा "जरा गावात जाऊन येतो" म्हणतो, आणि जेट्टीकडे जाणारा कोळी बांधव तर हे नाव सोडणारच नाही. यात फसवणूक नाही; उलट नाव टिकले म्हणून पुष्कळ काही टिकले.

पण सगळीच नावे अशी निरुपद्रवी नसतात. तुपाचे पाहा. १९३० च्या दशकात आपल्या देशात वनस्पती तूप घरोघर पोहोचू लागले. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करायचे, रवाळ करायचे, डब्यात भरायचे. दुधाचा त्यात थेंब नाही. डब्यावर जोपर्यंत वनस्पती असे लिहिले आहे तोपर्यंत ते एक स्वस्त खाद्य होते, गरिबाच्या घरी सणाला उपयोगी पडणारे. पण तेच तुपात मिसळून तूप म्हणून विकले की चोरी झाली. दिसायला सारखे, कढईत वागायला बरेचसे सारखे. म्हणजे काम होत होते. तरीही चोरीच, कारण तूप मागणारा माणूस नुसते काम मागत नाही. तो दुधाचे सत्त्व मागतो, त्याचेच पैसे मोजतो, ते बाळंतिणीला आणि आजाऱ्याला देतो. तांब्याचे नाव कामावर उभे आहे, तुपाचे नाव द्रव्यावर उभे आहे. कोणते नाव कशावर उभे आहे हे आधी ओळखल्याशिवाय खरेखोटे ठरवता येत नाही, असे मला वाटते.

ही भेसळ ओळखायची कशी? सरकारने एक युक्ती केली. वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल घातलेच पाहिजे असा नियम केला. तिळाच्या तेलाचा गुण असा, की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल यांच्या चाचणीत ते लाल रंग देते. बोदुआँ चाचणी म्हणून ती प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहे. संशयित तूप चाचणीला घ्यायचे. लाल झाले की वनस्पती मिसळली आहे हे उघड. तीळ गुपचूप आत बसून साक्ष देतो.

या तिळाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे. त्याआधी खिशातला रुपया काढू या.

रुपया हा शब्द रूप्यावरून, म्हणजे चांदीवरून आला. इंग्रजी अमदानीतला रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. दुकानदार तो दगडावर आपटून वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा. भरवशाच्या माणसाला आपण अजून "बंदा रुपया" म्हणतो ते तेव्हापासून. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली ती संपूर्ण गेली. निकेलचा रुपया निघाला. आजचा रुपया पोलादाचा आहे. दगडावर आपटून काही कळायचे नाही.

मग आज रुपयाला रुपया का म्हणायचे? तुपासारखीच ही फसवणूक नव्हे का? बारकाईने पाहिले तर इथे तिसरीच गोष्ट घडली आहे. चांदी गेली आणि तिच्या जागी वचन आले. दहाच्या, शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सही करून धारकाला तितके रुपये देण्याचे वचन देतात. (एक रुपयाच्या नोटेवर ते वचन नसते, ती नोट भारत सरकार काढते आणि तिच्यावर वित्त सचिवाची सही असते.) वचन पाळले जाईल असा आपला विश्वास आहे तोवर पोलादाचे नाणे चांदीचे काम करते. द्रव्याच्या जागी दुसरे द्रव्य आले तर फार तर वस्तू बदलते. द्रव्याच्या जागी वचन आले तर जबाबदारी नाण्यावरून माणसावर येते.

आता चर्चमध्ये येऊ. मेणबत्ती म्हणजे मेणाची बत्ती, आणि मेण म्हणजे मुळात मधमाशीचे मेण. आज आपण ग्रोटोपुढे ज्या मेणबत्त्या लावतो त्या बहुतेक पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलापासून निघालेल्या. ख्रिस्तसभेने हा बदल डोळे झाकून होऊ दिला नाही. १९०४ साली रोमने ठरवून दिले की पास्काची मेणबत्ती आणि मिस्साच्या वेळी वेदीवर लावायच्या दोन मेणबत्त्या यांत मधमाशीचे मेणच मोठ्या भागाने असावे. पुढे नियम सैल झाले, तरी १९८८ साली पास्काच्या विधीविषयी रोमहून आलेल्या पत्रात पुन्हा बजावले, की पास्काची मेणबत्ती मेणाची असावी, कृत्रिम कधीही नसावी, दर वर्षी नवी असावी. पास्काच्या रात्री अंधारात जे घोषगीत गातात त्यात मधमाश्यांच्या श्रमांची आठवण आहे. एवढ्याशा किड्याला इतक्या मोठ्या रात्री स्थान मिळावे याचे मला नेहमीच अप्रूप वाटते.

पॅराफिनची मेणबत्ती खोटी आहे का? मी तरी तसे म्हणणार नाही. ती जळते, वितळते, स्वतः कमी होत जाते आणि उजेड देते. मेणबत्तीचे नाव ज्या कामावर उभे आहे ते सगळे ती करते. पण हल्ली बॅटरीवर लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या मिळतात. ज्योतीच्या जागी पिवळा दिवा, बाजूने वितळल्यासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे ओघळ. वाऱ्याने विझत नाही, पडदा पेटण्याची भीती नाही. घरात लहान मूल असेल तर सोयीची वस्तू आहे, हे मान्य. परंतु इथे द्रव्य गेले, काम गेले आणि उरले ते फक्त रूप. ती काही गमावीत नाही, आणि गमावणे हेच तर मेणबत्तीचे काम होते.

द्रव्य, काम, रूप असे बोलू लागलो की कॅथलिक माणसाला मिस्सा आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे तर सगळे उलटे होते. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेने जे शिकवले ते आपण सारे मानतो: समर्पणानंतर भाकरीचे सत्त्व राहत नाही, ख्रिस्ताचे शरीर असते, रूप, रंग, चव मात्र भाकरीचीच राहते. आणि आपण, अगदी संत पौलसुद्धा, तिला भाकर म्हणत राहतो. स्टीलच्या तांब्याचे नाव वस्तूपेक्षा मोठे आहे, तांब्याचा मान स्टीलला मिळालेला. इथे नाव वस्तूपेक्षा लहान आहे. असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पण ही भाकर कोणत्या धान्याची? प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत रोजची "भाकर" मागतो. सारसोळ्याच्या कोळीवाड्यात भाकर म्हणजे तांदळाची. आपल्यातले जे अहिल्यानगर, संभाजीनगरकडून इथे आले त्यांच्या घरी ज्वारीची किंवा बाजरीची. गव्हाची असली तर तिला आपण भाकर म्हणतच नाही, चपाती म्हणतो. आणि ख्रिस्तसभेच्या कायद्यातले ९२४ वे कलम सांगते की मिस्सासाठी भाकर निव्वळ गव्हाचीच हवी. म्हणजे ज्या शब्दाने आपण प्रार्थना करतो तो शब्द ज्या वस्तूचा आहे, ती वस्तू वेदीवर चालत नाही!

हा प्रश्न आपल्याच मनात आला असे नाही. आफ्रिकेतल्या काही ईशज्ञान्यांनी विसाव्या शतकात तो उघडपणे विचारला. आमच्या जमिनीत गहू पिकत नाही, द्राक्षे पिकत नाहीत, बाजरी आणि ज्वारी पिकते. आमच्या घामाची भाकर वेदीवर का चालू नये? प्रश्न मनाला लागणारा आहे आणि तो झटकून टाकणे बरे नव्हे. तरी ख्रिस्तसभेचे म्हणणे मला पटते ते एका कारणासाठी. गहू बाजरीपेक्षा श्रेष्ठ आहे असे ती म्हणत नाही. एका ठरावीक रात्री, एका ठरावीक जेवणात, प्रभूने जे हातात घेतले तेच आम्ही हातात घेतो, एवढेच ती म्हणते. ते नाव कामावर उभे नाही. पोट तर तांदळाच्या भाकरीनेही भरते. ते एका घडलेल्या गोष्टीवर उभे आहे.

यात खराखुरा त्रास होणारी माणसेही आहेत. काही जणांना गव्हातले ग्लुटेन नावाचे चिकट प्रथिन सोसत नाही, थोडेसे पोटात गेले तरी आतड्यांना इजा होते. तांदळाच्या पिठाचा होस्ट करून त्यांना का देऊ नये? २००३ साली रोमहून आलेल्या पत्रात आणि पुन्हा २०१७ साली उत्तर दिले गेले: ग्लुटेन अगदी कमी असलेला गव्हाचा होस्ट चालतो, मुळीच नसलेला चालत नाही. ज्यांना तेवढेही सोसत नाही त्यांनी केवळ चषकातून कम्युनियन घ्यावे. ख्रिस्त दोन्हींत पूर्णच असतो. आपल्यापैकी कोणाला असा त्रास असेल तर लाजून मागच्या बाकावर बसून राहू नये, मिस्साआधी फादरांना सांगावे.

तेलाच्या बाबतीत मात्र ख्रिस्तसभेने हात सैल सोडला, आणि इथे आपला तीळ परत येतो. तेल हा शब्द तिळावरून आला. तिळाचे ते तैल. पुढे शेंगदाण्याचेही तेल झाले, करडईचेही झाले; खोबऱ्याचे खोबरेल आणि एरंडाचे एरंडेल झाले, आणि प्रत्येकाच्या शेपटीला तो तीळ चिकटून राहिला. युरोपातही हेच घडले. लॅटिन ओलेउम हा शब्द ऑलिव्हवरून आला, त्याचेच इंग्रजीत ऑइल झाले. दगडातून निघाले ते रॉक ऑइल, म्हणून आपले रॉकेल. पेट्रोलमधला पेट्रा म्हणजे तोच खडक, ज्यावरून प्रभूने सिमोनाला पेत्र हे नाव दिले. रॉकेलच्या डब्यात ऑलिव्हही नव्हते आणि तीळही नव्हता, नाव मात्र दोन्हीकडे तेलाचेच.

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी ख्रिस्तसभा शतकानुशतके ऑलिव्हचेच तेल वापरीत आली. पण जगात जिथे ऑलिव्ह मिळतच नाही अशा प्रदेशांतल्या बिशपांनी विनंती केली, आणि १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी परवानगी दिली की गरजेप्रमाणे दुसरे तेलही चालेल. अट एकच, ते वनस्पतीपासून निघालेले असावे, कारण ते ऑलिव्हच्या जवळचे. खनिज तेल नाही. नाव एक असले तरी नाते तपासले.

ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त, तेलाने माखलेला. म्हणून ख्रिस्ती हे नावसुद्धा एका द्रव्यावरूनच आलेले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत म्हटले आहे की हे नाव शिष्यांना प्रथम अंत्युखियात मिळाले. त्यांनी स्वतः ठेवले नव्हते. गावाने त्यांच्याकडे पाहून ठेवले. जुन्या दुकानदाराने रुपया वाजवून घ्यावा तसे. आपले नाव तांब्यासारखे कामावर उभे आहे, तुपासारखे द्रव्यावर, की रुपयासारखे वचनावर, हे मी बराच विचार करूनही ठरवू शकलेलो नाही. स्नानसंस्कारात आपल्या माथ्याला लागलेले तेल केव्हाच पुसले गेले. वचन मात्र आपण दर वर्षी पास्काच्या रात्री, हातात मेणबत्ती धरून, पुन्हा देतो. आणि शेजारचे जे लोक आपल्याला ख्रिस्ती म्हणून ओळखतात त्यांनी ते वचन ऐकलेलेच नसते. ते फक्त काम पाहतात.

एक उपयोगाची गोष्ट सांगून थांबतो. तैलाभ्यंगाचे तेल बिशपांनी आशीर्वादित केलेले असते आणि फादर ते बरोबर आणतात. पण कधी रात्री-अपरात्री, अडचणीच्या वेळी, ते हाताशी नसेल तर विधी चालू असतानाच धर्मगुरू तेल आशीर्वादित करू शकतात. ९९९ वे कलम तशी मुभा देते. अशा वेळी घाबरलेल्या घरात समोर दिसेल ती बाटली उचलली जाते. स्वयंपाकघरातले शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे, तिळाचे, खोबऱ्याचे कोणतेही तेल चालेल. केसांना लावायच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत तेल असे छापले असले तरी मागची बारीक अक्षरे वाचा. तिथे लिक्विड पॅराफिन लिहिलेले असेल तर ती बाटली परत ठेवा आणि स्वयंपाकघरात जा.